ओळखीचे दप्तर

मराठीतला ‘ओळख’ हा शब्द मोठा सोशीक आहे. आगगाडीच्या डब्यात समोरासमोर बसलेल्या दोन परक्या माणसांनी फराळाचे डबे उघडले की त्यांची ओळख होते. चोरीस गेलेल्या मुद्देमालाची ओळख फिर्यादीला पटवावी लागते. कचेरीत अडलेल्या कामासाठी कोणाची तरी ओळख काढावी लागते. आणि आयुष्याच्या उतरणीवर, सगळी कामे आटोपल्यानंतर, एखाद्या निवांत संध्याकाळी माणसाला असेही वाटून जाते, की जगाची ओळख झाली, पण स्वतःची व्हायची राहिली. दुसऱ्याने मला जाणावे आणि मी मला जाणावे, या दोन्ही क्रियांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला, यात तिचा आळस नसून शहाणपण आहे. कारण या दोन क्रिया एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत. ‘अस्मिता’ या शब्दाने मात्र कुळच बदलले. पतंजलींनी योगसूत्रांत अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश असे जे पाच क्लेश मोजले, त्यांत तो दुसऱ्या क्रमांकावर बसलेला होता; आज तोच शब्द सभेच्या व्यासपीठावर शाल-श्रीफळ स्वीकारीत भूषण म्हणून मिरवतो. क्लेशाचे भूषण कसे झाले, याचा शोध घ्यायचा म्हटला, तर तो एकट्या वैयाकरणाला जमणार नाही, एकट्या मानसशास्त्रज्ञाला किंवा इतिहासकारालाही जमणार नाही. अनेक शास्त्रांनी एका पंक्तीत बसावे असाच हा विषय आहे.

अशा संशोधनाचे प्रकाशन कसे होते, कोठे होते, कोणत्या भाषेत होते आणि कोणत्या शिरस्त्याने स्वीकारले वा नामंजूर केले जाते, हा प्रश्न सामान्य वाचकाला प्राध्यापकांच्या घरगुती भांडणासारखा वाटतो. बढती, वेतनश्रेणी, शोधनिबंधांची संख्या हे त्यांचे त्यांना लखलाभ, असे म्हणून तो वर्तमानपत्राचे पान उलटतो. माझे म्हणणे असे आहे, की हा समज चुकीचा आहे. माणसांच्या ओळखीविषयी जे छापले जाते, ते जमिनीच्या सात-बाराइतकेच सार्वजनिक महत्त्वाचे असते. आणि तलाठ्याच्या दप्तरात चुकीचा फेरफार झाला तर ज्याप्रमाणे एखाद्या कुळाच्या दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्याचप्रमाणे विद्वानांच्या दप्तरातली चुकीची किंवा शिळी नोंदही माणसांना पिढ्यान्‌पिढ्या भोगावी लागते.

हे विधान अलंकारिक नाही, हे दाखवण्यासाठी महाराष्ट्रातलाच दाखला पुरेसा आहे. अनुसूचित जमातीचा दाखला मागणाऱ्या उमेदवाराचा दावा आपल्याकडे तपासणी समितीपुढे जातो. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील प्रकरणात या तपासणीची जी रीत घालून दिली, तीत कागदपत्रांबरोबरच दक्षता पथकाने अर्जदाराच्या जमातीची लक्षणे, म्हणजे कुलदैवत, विधी, चालीरीती, लग्नाची पद्धत, मर्तिकाचे संस्कार ही पडताळून पाहावीत, असे सांगितले. सरकारी बोलीत हिला ‘अ‍ॅफिनिटी टेस्ट’ म्हणतात. आता ही लक्षणे पडताळायची ती कशाशी? अर्थात् छापील ग्रंथांशी. मुंबई इलाख्यासाठी एन्थोव्हेन यांचे १९२० ते १९२२ या काळात निघालेले जाती-जमातींवरील तीन खंड, मध्यप्रांतासाठी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे १९१६ चे चार खंड, आणि त्यानंतरच्या अभ्यासकांनी वेळोवेळी लिहिलेले प्रबंध, हे सारे वाङ्मय अशा वेळी कपाटातून खाली उतरते. शंभर वर्षांपूर्वी एका सनदी अधिकाऱ्याने, दुभाष्याच्या तोंडून आणि दुय्यम अंमलदारांच्या टिपणांवरून, जो मजकूर नोंदवला, त्याच्याशी आजच्या पोराची उत्तरे जुळली नाहीत, तर संशय पोरावर येतो. ग्रंथावर येत नाही. पोराच्या आजोबांनी पाडा सोडून गिरणीत नोकरी धरली असेल, आईने शाळेत शिकलेली प्रमाणभाषा घरात आणली असेल, लग्नात बँड आला असेल. माणसे बदलतात, ग्रंथ मात्र बदलत नाही, आणि न बदलणाऱ्या वस्तूलाच प्रमाण मानण्याची कचेऱ्यांना खोड असते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, ही चाचणी म्हणजे दाव्याचा सोक्षमोक्ष लावणारी कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि त्या मधल्या जवळजवळ तीन दशकांत ज्यांचे अर्ज ग्रंथांतील वर्णनांशी ताडून पाहिले गेले, त्यांना ‘संशोधन-प्रकाशन हा प्राध्यापकांचा खासगी मामला आहे’ असे सांगण्याचे धैर्य कोणी करू नये.

किंबहुना छापील ओळखीचा हा अंमल याहूनही जुना आहे. १९०१ च्या खानेसुमारीत हर्बर्ट रिस्ली यांनी जातींची सामाजिक दर्जानुसार उतरंड लावण्याचे ठरवले, तेव्हा आपल्याला वरची पायरी मिळावी म्हणून देशाच्या अनेक भागांतून जातिसंस्थांचे अर्ज सरकारदरबारी रुजू झाले. नोंदणाराला वाटत होते, की तो आहे ते टिपून घेत आहे. प्रत्यक्षात त्याच्या टिपण्यानेच जे नव्हते ते घडत होते. ओळखीच्या संशोधनाचा हा विशेष पदार्थविज्ञानात आढळत नाही. लोखंडाविषयी काहीही छापले तरी लोखंड ते वाचीत नाही. माणूस वाचतो, आणि वाचून एकतर त्याप्रमाणे वागू लागतो किंवा त्याविरुद्ध उभा राहतो.

या क्षेत्रात महाराष्ट्राची परंपरा हलकी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असताना १९०९ साली जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ छापला, आणि स्वदेशी परतल्यावर तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा करून जगाचे ज्ञान मराठी माणसाच्या ओसरीवर आणून ठेवले. केतकरांच्या त्या जातिविषयक ग्रंथानंतर सातच वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. निबंध वाचणारा विद्यार्थी अर्थशास्त्राचा, बैठक मानववंशशास्त्राची, अनुकरणाचा सिद्धांत घेतला तो गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा, आणि युक्तिवादाचा कणा मात्र जवळजवळ गणिती: अंतर्विवाहाचे बंधन पाळायचे तर प्रत्येक गटात स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राखावी लागते, ती बिघडली की ‘जादा’ ठरलेल्या विधवेचे आणि विधुराचे काय करायचे हा पेच पडतो, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही रूढी त्या पेचाच्या उत्तरादाखल समाजाने स्वीकारल्या. हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला, आणि ते नियतकालिक कोणते, तर जेम्स बर्जेस यांनी १८७२ साली मुंबईत सुरू केलेले, प्रामुख्याने शिलालेख, ताम्रपट आणि पुराणवस्तू यांना वाहिलेले. ताम्रपटांच्या शेजारी जिवंत माणसांच्या दास्याची मीमांसा छापण्यात त्या संपादकांना काही विषयबाह्य वाटले नाही, ही गोष्ट आजच्या संपादकांनी चौकटीत लिहून भिंतीवर लावावी अशी आहे.

तिसरे नाव इरावती कर्वे यांचे. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र, बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या असमप्रमाणतेवर प्रबंध, मग डेक्कन कॉलेजात एका हाती मोजमापाची पट्टी तर दुसऱ्या हाती महाभारत, असा त्यांच्या अभ्यासाचा प्रवास. महाराष्ट्रातील कुंभार म्हणजे एक जात, असे वरवर दिसते. पण थोरचाके कुंभार आणि लहानचाके कुंभार यांच्यांत बेटीव्यवहार नाही, हे पाहून त्यांनी असा विचार मांडला, की एकच जात फुटून पोटजाती झाल्या असे सर्रास मानणे बरोबर नाही. मुळातच निरनिराळे असलेले गट एका धंद्याच्या आणि एका नावाच्या छपराखाली शेजारी आले असावेत. या विचाराच्या पुष्टीसाठी त्यांनी शरीराची मापे घेतली, नात्यांच्या संज्ञा गोळा केल्या, धर्मग्रंथ चाळले, आणि १९६८ साली के. सी. मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’त छापली. परंतु माझ्या आजच्या विषयाला त्यांचा सर्वांत उपकारक लेख आहे तो ‘वाटचाल’. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जाताना त्यांना जे दिसले ते त्यांनी मराठीत, ललितलेखाच्या रूपाने लिहिले. ‘परिपूर्ती’ या संग्रहात तो लेख आला. एकाच दिंडीत एकच अभंग म्हणणारी माणसे जेवायच्या वेळी जातवार पंक्तींत वेगळी होतात, याची त्यात खंत आहे. वारीला चालणाऱ्या पावलांवरून महाराष्ट्राची सीमा आखावी अशी त्या प्रदेशाची एक नवी व्याख्या आहे. आणि शास्त्रज्ञ म्हणून पाहणारी बाई स्वतः कोण आहे, वारकरी की परकी, हा प्रश्नही ओळीओळींत आहे. हाच लेख नोव्हेंबर १९६२ मध्ये अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’ने इंग्रजी रूपात छापला, आणि पुढे वारीविषयी गंभीरपणे लिहिणाऱ्या जगभरच्या अभ्यासकांचा तो आधार झाला. म्हणजे आधी मराठी वाचकापुढे आणि मग विद्वत्सभेपुढे, असा त्याचा क्रम होता.

आज हाच लेख घेऊन एखादी तरुण संशोधिका निघाली, तर तिची वाटचाल कशी होईल, याची कल्पना करून पाहावी. समाजशास्त्राच्या नियतकालिकाचा परीक्षक म्हणेल, नमुना कसा निवडला ते लिहिलेले नाही. मानसशास्त्राचा म्हणेल, प्रश्नावली कोठे आहे? धर्माभ्यासाचा म्हणेल, लेखिका स्वतःविषयी फार बोलते. आणि साहित्याचा म्हणेल, लेखिका स्वतःविषयी पुरेसे बोलत नाही. चौघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतील. चौघांचीही हरकत आपापल्या शास्त्राच्या शिरस्त्यात बसेल. आणि लेख मात्र चार दारांवरून परत येईल. शेवटी ती लेख फोडील. मोजमापाचा भाग एकीकडे, धर्माचा दुसरीकडे, अनुभवाचा तिसरीकडे असे तीन निबंध होतील, तिच्या यादीत एकाच्या जागी तीन नोंदी पडतील, निवड समिती खूश होईल, आणि चालणाऱ्या माणसाचे अखंड दर्शन जे त्या लेखाचे सर्वस्व होते, ते कोठेच छापले जाणार नाही.

असे का होते, याचे एक उत्तर ओळखीच्याच शास्त्राने दिले आहे. हेन्री ताजफेल हे पोलंडमधील ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात लढताना जर्मनांच्या हाती सापडले, आणि युद्धकैदी म्हणून फ्रेंच या ओळखीखाली ते जगले. परत आले तेव्हा कुटुंबातले आप्त उरले नव्हते. माणसाचे मरण-जगणे त्याच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर कसे ठरते, हे ज्याने स्वतःच्या प्राणांवर अनुभवले होते, त्याने पुढे ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांवर एक साधा प्रयोग केला आणि तो १९७० साली प्रसिद्ध केला. मुलांना काही चित्रे दाखवली, आणि तुमच्यापैकी अमके पॉल क्ले या चित्रकाराची चित्रे पसंत करणारे, तमके कान्डिन्स्कीची पसंत करणारे, असे सांगून त्यांचे दोन गट पाडले. वास्तविक वाटणी केवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हते. तरीसुद्धा पैसे वाटण्याची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर दोन्ही गटांना मिळून अधिक पैसे मिळण्यापेक्षा, आपल्या गटाला दुसऱ्यापेक्षा अधिक मिळावेत, याकडे त्यांचा कल दिसला. चित्रकाराच्या नावाने पाडलेल्या तकलादू भिंतीने जर एवढे होते, तर विभाग, पदव्या, परिषदा आणि अनुदाने यांनी भक्कम झालेल्या विद्याशाखांच्या भिंतींनी काय होत असेल? विषयांच्याही जाती झाल्या आहेत. चर्चासत्राच्या मांडवात त्यांचा रोटीव्यवहार अगदी सढळपणे चालतो, पण बेटीव्यवहाराची, म्हणजे दोन शास्त्रांच्या संकरातून जन्मलेल्या निबंधाला घरात घेण्याची, वेळ आली की गोत्र विचारले जाते. हा केवळ माझा ग्रह नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधन परिषदेकडे आलेल्या अठरा हजारांहून अधिक प्रस्तावांची छाननी २०१६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली, प्रस्ताव जितका अधिक आंतरविद्याशाखीय, तितकी त्याला अनुदान मिळण्याची शक्यता कमी, असा तिचा निष्कर्ष होता.

दुसरे उत्तर मोजणीच्या हव्यासात आहे. एखाद्या नियतकालिकातील निबंधांना सरासरी किती वेळा उद्धृत केले जाते, यावरून त्याचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ काढण्याची कल्पना युजीन गारफिल्ड यांची. ग्रंथपालांना कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवायला सोयीचे जावे, हा तिचा एक प्रधान उपयोग होता. ग्रंथपालाची ही फूटपट्टी पुढे माणसांच्या पाठीला लावण्यात आली. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे निघालेल्या जाहीरनाम्याने असे करू नये म्हणून बजावले. तथापि फूटपट्टी ज्याच्या हाती आहे त्याला वाचनाचे कष्ट पडत नाहीत, हा तिचा मोह मोठा आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या कामाचे गुण मोजण्याची पद्धत आणली, आणि गुणांच्या बाजारात मालाचा पुरवठा करणारी दुकाने रातोरात निघाली. पैसे भरा आणि पंधरवड्यात छापून घ्या, असा तो उघड व्यापार होता. मग २०१७ साली मान्य नियतकालिकांची यादी आली. त्या यादीतील विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची पुण्यातील भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झडती घेतली, तेव्हा तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट असावीत, असे २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. २०१९ मध्ये ‘केअर’ नावाची नवी यादी केली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून, नियतकालिक कसे निवडावे याची मार्गदर्शक तत्त्वे तेवढी हाती ठेवली. आठ वर्षांत याद्या केल्या, काटल्या आणि मोडल्या. या सगळ्या उलाढालीत निबंध वाचून पाहण्याचा हुकूम कोणी काढला नाही.

येथे विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, की शास्त्रांच्या कुंपणांना उगीच नावे ठेवू नका. कुंपण काढले की पीकही जाते. सांख्यिकी येत नाही म्हणून तत्त्वज्ञानाचा आडोसा घ्यायचा आणि तत्त्वज्ञान कळत नाही म्हणून आकड्यांचा, आणि या दुहेरी अज्ञानाला ‘आंतरविद्याशाखीय’ असे भारदस्त नाव द्यायचे, अशी लबाडी होते, आणि पुष्कळ होते. स्वतःची ओळख हा तर असा विषय, की प्रत्येकाला वाटते, आपल्याला तो जन्मतःच येतो. हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. आंबेडकरांचा निबंध किंवा कर्वे यांचा लेख यांत जी शिस्त आहे, ती एका शास्त्राच्या नियमांहून सैल नसून दुप्पट कडक आहे. कारण तेथे लेखकाला दोन सभांपुढे जबाब द्यायचा असतो. तेव्हा उपाय परीक्षण ढिले करण्याचा नसून परीक्षक वाढवण्याचा आहे. दोन शास्त्रांवर उभा असलेला निबंध दोन शास्त्रांच्या परीक्षकांनी वाचावा, आणि दोघांचे मत जेथे परस्परविरोधी पडेल तेथे संपादकाने टपाल्याचे काम सोडून न्यायाधीशाचे काम करावे.

पण एवढ्यानेही भागणार नाही, कारण या सभेत तिसरा एक पक्षकार आहे, ज्याला आजवर खुर्चीच दिलेली नाही. तो म्हणजे ज्याच्या ओळखीचा अभ्यास चालला आहे तो मनुष्य. २००२ साली गोपाळ गुरू यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आपल्या समाजशास्त्रांच्या समतेविषयीच एक बोचरा सवाल विचारला: सिद्धांत मांडण्याचे काम वरच्या जातींच्या हाती आणि माहिती गोळा करून देण्याचे काम खालच्यांच्या वाट्याला, ही विद्येतली वर्णव्यवस्था नव्हे काय? पदार्थविज्ञान आणि तत्त्वज्ञान यांत वावरणारे सुंदर सरुक्कई यांनी त्यावर वाद मांडला, दोघांच्या लेखनाचा एकत्र ग्रंथ २०१२ मध्ये निघाला, आणि अनुभव कोणाचा व त्यावर बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर भारतीय विचाराने जगाला काही देण्यासारखे दिले. आता या वादाच्या उजेडात आपल्याकडील एका मराठी पुस्तकाची कथा पाहा. उर्मिला पवार या सरकारी खात्यात नोकरी करीत होत्या. त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या तोंडच्या हकिकती टिपून, १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. विद्यापीठीय चाकोरीबाहेर झालेले ते संशोधन होते. इतिहास, समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास यांची जी सांगड आज थोर मानली जाते ती त्यात होती. त्याचे इंग्रजी भाषांतर वंदना सोनाळकर यांनी केले, आणि ते निघाले २००८ साली. मधली एकोणीस वर्षे मराठी न वाचणाऱ्या विद्वानांच्या जगात तो ग्रंथ जणू लिहिलाच गेला नव्हता. आपण येथे कोणाची अडवणूक झाली असे सहसा म्हणत नाही, कारण अडवणूक करणारा कोणी दिसत नाही. दिसतो तो केवळ एक शिरस्ता.

मग करावे काय? माझ्या मते चार गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली, निवड समित्यांनी उमेदवाराच्या निबंधांची गणती सोडून त्याने स्वतः निवडलेले दोनच निबंध आधी वाचून यावेत आणि मुलाखतीत त्यांवरच बोलावे. दुसरी, वाईचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, पुण्याचे ‘परामर्श’ यांसारख्या मराठी नियतकालिकांची परंपरा पदरात असताना, मराठीतल्या परीक्षित निबंधाला इंग्रजी निबंधाच्या बरोबरीचे मोल द्यायला विद्यापीठांनी कचरू नये. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजनेला मंजुरी देताना तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या सुमारे तेरा हजार नियतकालिकांसाठी तीन वर्षांचे सहा हजार कोटी रुपये मुक्रर केले. बाहेरचे ज्ञान विकत घेणे गैर नाही, पण घरचे ज्ञान छापण्यासाठी त्याच्या शतांशाची तरतूद राज्याने केली, तर मराठी संपादकाला वर्गणीदारांच्या दारी हिंडावे लागणार नाही. तिसरी, दाखल्यांच्या कामात ज्या जुन्या ग्रंथांचा आधार घेतला जातो, त्यांच्या शेजारी त्याच समाजांविषयीचे आजचे संशोधन ठेवण्याची सक्ती असावी, म्हणजे अर्जदाराला निदान आपल्या पणजोबांच्या वर्णनाबरहुकूम वागून दाखवावे लागणार नाही.

चौथी गोष्ट कायद्याने होणारी नाही, ती संशोधकाच्या सद्‌बुद्धीवर सोपवतो. आपला प्रबंध आज ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चढतो, पण ज्या पाड्यावर, ज्या वाडीत, ज्या वस्तीत बसून माहिती घेतली, तेथवर तो उतरत नाही. संशोधक मित्रहो, पुढचा निबंध संपादकाकडे पाठवण्यापूर्वी त्याचा मराठी मसुदा घेऊन एकदा त्या ओसरीवर जा आणि मोठ्याने वाचून दाखवा. ऐकता ऐकता एखादी म्हातारी मध्येच ‘असं नाही हं, बाळ’ म्हणाली, तर तिचे म्हणणे टिपून घ्या, आणि निबंधात पहिली तळटीप तिची छापा.